बुडीत कंपनीचे समभाग: सरासरी उतरवण्यासाठी ठेव मोडावी का?

सांगली जिल्ह्यातील एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. दिवाळखोरी प्रक्रियेत गेलेल्या एका कंपनीचे 4,000 समभाग त्यांनी तीन वर्षांपूर्वी 62 रुपयांनी घेतले होते. आज भाव 3 रुपये 40 पैसे आहे. कंपनी घ्यायला मोठा उद्योगसमूह पुढे आल्याची बातमी वाचून, दोन लाखांची मुदत ठेव मोडून आणखी समभाग घ्यावेत आणि प्रत्येक समभागामागची सरासरी खरेदी किंमत उतरवावी, असे त्यांच्या मनात आहे. 'रुची सोयासारखे होईल', असे त्यांच्या दलालाने सांगितले आहे. पत्नीच्या नावे त्याच कंपनीचे तीन लाखांचे कर्जरोखेही आहेत.

सर, ठेव मोडू नका. मोठा समूह कंपनी घेतो म्हणजे आपले समभाग घेतो असे नव्हे, आणि हा फरक न कळल्यामुळे अनेकांची पुंजी गेली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत पैसे वाटण्याचा क्रम ठरलेला आहे. प्रक्रियेचा खर्च आधी, मग तारण असलेले कर्जदाते व कामगारांची थकबाकी, पुढे इतर देणी, आणि सामान्य भागधारक अगदी शेवटी. कर्जदात्यांनाच पूर्ण रक्कम मिळत नसेल, तर भागधारकांपर्यंत काही पोहोचण्याचा प्रश्नच येत नाही. गृहकर्जे देणाऱ्या दिवाण हाउसिंग या दिवाळखोर कंपनीच्या बाबतीत हेच घडले. 7 जून 2021 रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने ती कंपनी ताब्यात घेण्याची पिरामल समूहाची योजना मंजूर केली, त्या बातमीवर समभागाला वरचे सर्किट (दिवसभरातील भाववाढीची कमाल मर्यादा) लागले, आणि काही दिवसांतच त्याचे व्यवहार बंद झाले, कारण त्याच योजनेत जुन्या समभागांचे मूल्य शून्य धरलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये ही योजना कायम ठेवली.

आता रुची सोया या दिवाळखोरीत गेलेल्या खाद्यतेल कंपनीचे पाहू. 2019 मध्ये पतंजलीने ती कंपनी घेतली आणि जून 2020 मध्ये भाव दीड हजाराच्या वर गेला, हे खरे आहे. पण जुन्या भागधारकांना 100 समभागांमागे एकच नवा समभाग मिळाला होता, आणि सुमारे 99 टक्के भांडवल नव्या मालकांकडे असल्याने बाजारात विकायला समभाग जवळजवळ नव्हतेच. तो भाव त्या टंचाईचा होता. आपले गणित मांडून पाहा. दोन लाखांत सुमारे 58,800 समभाग येतील आणि सरासरी साधारण 7 रुपये 13 पैशांवर उतरेल. मात्र रुची सोयासारखी कपात झाली, तर सुमारे 62,800 चे 628 उरतील आणि प्रत्येकाची खरेदी किंमत 713 रुपये पडेल. दिवाण हाउसिंगसारखे झाले, तर काहीच उरणार नाही.

वेळेचाही भरवसा नाही. दिवाळखोरीत गेलेल्या भूषण पॉवर अँड स्टीलसाठी जेएसडब्ल्यू स्टीलची योजना 2019 मध्ये मंजूर झाली होती. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे तिची मालमत्ता विकून ती बंद करण्याचा, आदेश दिला, जुलैत तो निकाल मागे घेतला आणि सप्टेंबरमध्ये योजना वैध ठरवली. सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाने औषधपाण्याची ठेव एवढ्या लांबणाऱ्या प्रक्रियेत अडकवू नये, असे मला मनापासून वाटते.

हातातले समभाग मात्र व्यवहार सुरू आहेत तोवर बाजारातच विकून टाका. 13,600 रुपये येतील आणि सुमारे 2,34,000 रुपयांचा दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा कागदावर स्पष्ट दिसेल. विवरणपत्र मुदतीत भरले, तर हा तोटा पुढची आठ वर्षे दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो. समभाग योजनेतच रद्द झाले, तर तोच तोटा मान्य करून घेताना वाद निघू शकतो.

कर्जरोख्यांची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते आपले सारे लक्ष तिकडे हवे. वहिनी त्या कंपनीच्या धनको आहेत, भागधारक नाहीत, त्यामुळे वसुलीत त्यांचा हक्क आपल्या आधी येतो. किती मिळेल ते आज कोणी सांगू शकणार नाही. दिवाण हाउसिंगमध्ये दोन लाखांवरील ठेवी असलेल्यांच्या हाती सुमारे 23 टक्केच पडले. कर्जरोखे तारणयुक्त आहेत की विनातारण, हे वाटपपत्रावर छापलेले असते. ते आधी पाहा, आणि डिबेंचर ट्रस्टीने (कर्जरोखेधारकांचे हित पाहण्यासाठी नेमलेल्या विश्वस्त संस्थेने) सर्व रोखेधारकांच्या वतीने दावा दाखल केला आहे का, हे त्यांना ईमेल करून लेखी विचारून घ्या. केला नसेल, तर दाव्यांची मुदत संपण्यापूर्वी वहिनींच्या सहीने स्वतंत्र दावा रिझोल्युशन प्रोफेशनलकडे, म्हणजे दिवाळखोरी प्रक्रिया चालवणाऱ्या नियुक्त व्यावसायिकाकडे, पाठवा. सोबत डीमॅट विवरण आणि शेवटचे व्याज जमा झाल्याची पासबुकातील नोंद जोडा.