पेरूच्या आणि लिंबाच्या झाडावर अळ्या पडल्यात, सगळ्यात जालीम औषध कोणतं आणि पंपाला किती मिली?

"जालीम" वाचलं आणि हातातलं काम ठेवून उत्तर लिहायला बसलो. ह्याच शब्दावरनं आमच्या घरात दोन भावांचं वाजलंय, आज तीन वर्षं झाली. म्हणजे जेवायला एकत्रच बसतो पण पेरूचा विषय निघाला की एकजण ताट घेऊन उठतो. बहुतेक मीच.

आमचं घर कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढं, मागं परडं, परड्यात आईनं लावलेला पेरू. आई गेली त्या वर्षी ऐन भरात होता, मग हळूहळू शेंडे वाळायला लागले, पानं पिवळी, पेरू लिंबाएवढे होऊन गळायचे. आमच्या दादाची सगळी हयात उसात गेली. उसात काय, हुमणी लागली घाल औषध, तण वाढलं मार औषध. त्यानं उसाचं उरलेलं काढलं, लाल त्रिकोणाची म्हणजे सगळ्यात विषारी बाटली, आणि पाठीवरच्या पंपानं शेंड्यापासनं बुडापर्यंत झाड धुऊन काढलं. मी म्हटलं दादा, आधी बघ तरी कसली अळी हाय. तर म्हणतोय, "अळीला काय आधार कार्ड असतंय व्हय? मारली की मरती." वर वहिनीचं पोरांना, पेरूला हात लावायचा नाही. दारात पेरू आणि आम्ही खातोय गंगावेशेतनं विकत आणून.

झाडाला काडीचा फरक नाही. मग शहरातल्या एका दुकानदारानं त्याच्याहून भारी म्हणून दुसरं दिलं. तेही मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा पाऊस आला आणि सगळं गटारीत गेलं, आपल्याकडं जुलैत फवारणी म्हणजे तेच. शेवटी दादा म्हणाला तोडून टाकू, ट्रॉली लावायला जागा होईल. तिथं मात्र माझं डोकं फिरलं.

दसऱ्याला बहिणीचा पोरगा आला, ॲग्रीला शिकतोय. त्यानं पानाकडं बघितलंच नाही. खाली वाकला आणि खोडाला जिथं दोन फांद्या फुटतात त्या बेचक्यात बोट घातलं. तिथं चहाचा चोथा कोळ्याच्या जाळ्यात गुंडाळून चिकटवावा तशी तपकिरी पट्टी होती, वेडीवाकडी, टीचभर लांब. मी ती रोज बघायचो आणि वाळवी समजायचो. त्यानं ती खराट्याच्या काडीनं ओढून काढली तर खाली साल गायब, नुसतं लाकूड, आणि पट्टीच्या टोकाला पेन्सिल जाईल एवढं भोक. म्हणाला मामा, रात्री दाखवतो. साडेनऊला बॅटरी घेऊन गेलो, दुसऱ्या फांदीवरची पट्टी हळूच उचलली तर आत अळी, मळकट तपकिरी, बोटाच्या दोन पेरांएवढी, निवांत साल खात बसलेली. उजेड पडला तशी सरकत भोकात गेली. दादाला झोपेतनं उठवून आणला. बघितलं आणि म्हणतोय काय, "ही कधी आली?" तुझ्या तिन्ही फवारण्यांच्या वेळी आतच होती की!

ही साल खाणारी अळी, पुस्तकात इंडरबेला. पेरू, आंबा, बोर, शेवगा, कशालाही लागते, जुन्या आणि दुर्लक्ष झालेल्या झाडाला जास्त. दिवसा भोकात, रात्री बाहेर, आणि बाहेर म्हणजे तरी स्वतःच्याच विष्ठेच्या आणि भुशाच्या छपराखाली. पान ती खातच नाही, मग पानावर जालीम मारा नाहीतर गंगाजल मारा, तिला काय त्याचं. साल गेली की पानात तयार झालेलं अन्न खाली मुळाकडं जायचं थांबतं म्हणून झाड वरनं वाळतं. पतंग मे-जूनच्या सुमारास सालीच्या फटीत अंडी घालतो आणि अळी आत नऊ-दहा महिने मुक्काम करते, वर्षाला एकच पिढी. म्हणजे पाऊस उघडल्यावर एकदा मनापासनं काम केलं तर पुष्कळ होतं.

आम्ही काय केलं, सगळ्या पट्ट्या खरवडून काढल्या, अकरा भोकं निघाली. सायकलच्या चाकाची तार प्रत्येक भोकात फिरवायची, टोकाला ओलं लागलं की समजायचं. मग पेट्रोलमध्ये बुडवून पिळलेला कापसाचा बोळा भोकात सारायचा आणि वरनं चिखलानं लिंपायचं. बोळा भोकातच, सालीवर पेट्रोल ओतू नका, आणि तोंडात बिडी धरून तर अजिबात नको (हे दादासाठी). आठ दिवसांनी बघायचं, ताजा भुसा दिसला तर परत तार. एवढंच. औषधाचा खर्च शून्य.

तुमच्या लिंबाचं वेगळं आहे. लिंबाची पानं कातरून खाल्लेली असतील तर ती फुलपाखराची अळी. लहान असताना हुबेहूब पाखराची शिट, मोठी झाली की हिरवीगार, आणि बोट लावलं की डोक्यामागनं लालसर दोन शिंगं काढते आणि घाण वास सोडते. परड्यात एक-दोन झाडं असतील तर सकाळी चहा घेता घेता वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. कढीपत्ताही तपासा, तीच अळी तिथंही असते. वेचून आवरत नसेल तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवून फडक्यानं गाळायच्या, थोडा साबण घालून संध्याकाळी मारायचं. नाहीतर बीटी, म्हणजे जिवाणूपासनं केलेलं औषध, मिळतं, ते फक्त लहान अळीवर चालतं, आणि पोटात गेल्यावर, त्यामुळं मारल्या मारल्या अळ्या पडल्या नाहीत म्हणून दुकानदाराला शिव्या घालू नका.

आणि पेरू कापल्यावर आत पांढरं वळवळत असेल तर ते बहुतेक फळमाशीचं. त्याला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा लावा, गळलेले पेरू गोळा करून खोल पुरा. तिथंही फवारून आतलं मरत नाही.

जालीम कोणतं ते मी सांगणार नाही. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, ती रोज फवारणारी माणसं होती. तुम्ही परड्यात हाफ चड्डीवर पंप घेऊन उभं राहणार आणि चार दिवसांनी तोच पेरू नातवंडं न धुता खाणार. बाग मोठी असली, शे-दोनशे झाडं असली, तर गोष्ट वेगळी, तिथं वेचत बसणं जमत नाही हे मलाही कळतं, कृषी खात्याच्या माणसाला झाड दाखवून त्या पिकाला शिफारस असलेलंच घ्या, मिली लेबलवर असतात, फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही तेही असतं. आणि आंब्याच्या बुंध्यातनं जाडा भुसा पडत असला तर ते भिरूड असू शकतं, ती भुंग्याची अळी, पार आतनं लाकूड पोखरते, तिला नुसत्या वरवरच्या तारेनं भागत नाही.

खरं सांगायचं तर दोन वर्षं ती पट्टी माझ्याही डोळ्यासमोर होती आणि मीही नुसताच दादाशी भांडत बसलो. त्यात एक मोठी फांदी गेलीच, वळवात मोडली. उरलेलं झाड फुटलं, यंदा पेरू धरलेत. दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की माझ्या तिसऱ्या फवारणीचा गुण उशिरा आला. तार मी त्याच्या पंपाच्याच खिळ्याला अडकवून ठेवलीय.

खोडाचा फोटो टाका, बेचक्याचा, जवळनं. पानांचे नकोत.