मैफलीचं तिकीट आधी, रेल्वेचं नंतर

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला युरोपच्या प्रवासाचा बेत वाचला. व्हिएन्ना, प्राग, बर्लिन, ॲमस्टरडॅम, शहरं नेमकी निवडली आहेस. पण व्हिएन्नाच्या खाली ‘म्युझिकफेराइन, बाहेरून फोटो, अर्धा तास’ असं लिहिलं आहेस, ते खोडून टाक. ती मैफलींच्या सभागृहाची इमारत आहे, आत वाद्यं वाजत असतानाच ती कळते. माझं ऐकशील तर आधी प्रत्येक शहरातल्या मैफलीची तारीख बघ, तिकीट काढ आणि मग त्या तारखांभोवती रेल्वे आणि हॉटेल बसव. राजवाडे आणि पूल कुठल्याही दिवशी बघता येतात.

एवढा आग्रह का करतोय ते सांगतो. आपली सगळी पिढी माइकवर वाढली आहे. लग्न असो, गणपती असो, अगदी शंभर माणसांची बैठक असली तरी आवाज स्पीकरमधूनच येतो. अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरात गात होते तेव्हा गळा आणि कान यांच्यामध्ये फक्त खोलीतली हवा होती. तसं ऐकायची संधी आपल्याकडे आता फार कमी उरली आहे. सिम्फनी ऑर्केस्ट्रात, म्हणजे पाश्चात्य संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदात, आजही ऐंशी-नव्वद वादक एकत्र वाजवतात आणि श्रोत्यापर्यंत आवाज पोचवायला एकही स्पीकर नसतो. ते काम सभागृह करतं. लाकूड, गिलावा, छताची उंची, भिंतींमधलं अंतर, हे सगळं त्या वाजण्यात सामील असतं. म्हणून एकच सिम्फनी, म्हणजे अशा वाद्यवृंदासाठी लिहिलेली अनेक भागांची मोठी रचना, दोन शहरांत दोन तऱ्हेची ऐकू येते.

म्युझिकफेराइन १८७० साली उघडलं. त्याचं सोनेरी सभागृह लांबट, अरुंद आणि उंच आहे, साधारण ४९ मीटर लांब आणि १९ मीटर रुंद. बाजूच्या भिंती जवळ असल्यामुळे आवाज त्यांवर आपटून दोन्हीकडून लगेच तुझ्याकडे येतो आणि आपण सुरांच्या आत बसलोय असं वाटतं. सभागृह भरलेलं असलं तरी शेवटचा स्वर जवळजवळ दोन सेकंद रेंगाळतो. ध्वनीचं गणित मांडून सभागृह बांधायला सुरुवात झाली ती नंतर, १९०० साली बॉस्टनमध्ये. व्हिएन्नात ते गणित हाताशी नव्हतं, तरी जगातल्या सर्वोत्तम सभागृहांत त्याचं नाव आजही घेतात.

बर्लिनचं सभागृह, फिलहार्मोनी, नेमकं उलट. हान्स शारून या वास्तुविशारदाने १९६३ मध्ये वादकांना जवळजवळ मध्यभागी आणलं आणि श्रोत्यांचे चढते टप्पे चहूबाजूंनी रचले. तुला चित्र उभं करायचं असेल तर खासबाग मैदान आठव, हौद्याभोवती गोल बसलेली माणसं, आणि शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह, जिथे सगळ्यांची तोंडं एका दिशेला. शाहू महाराजांनी दोन्ही एकाच आवारात उभी केली. हा फरक ज्याने लहानपणापासून अंगावर घेतला आहे, त्याला व्हिएन्ना आणि बर्लिन समजायला वेळ लागणार नाही. बर्लिनमध्ये जमलं तर वादकांच्या पाठीमागची जागा घे. कोरस, म्हणजे गाणाऱ्यांचा समूह, नसला की त्या जागा विकतात आणि त्या स्वस्तही असतात. तिथून कंडक्टरचा, म्हणजे हाताच्या इशाऱ्यांनी वाद्यवृंद चालवणाऱ्याचा, चेहरा समोर दिसतो. डावा हात नुसता उघडला की व्हायोलिनचा अख्खा ताफा कसा मऊ होतो, ते महागड्या खुर्चीवरून दिसत नाही.

पैशाची काळजी मनातून काढ. व्हिएन्नात म्युझिकफेराइन आणि ऑपेरा (गाऊन सादर होणाऱ्या नाटकांचं थिएटर) दोन्हीकडे उभं राहून ऐकायची तिकिटं असतात, पोटभर जेवणापेक्षा स्वस्त. ऑपेरात लोक कठड्याला मफलर बांधून आपली जागा धरतात, तूही तसंच कर. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाउ सभागृहात आणि बर्लिनच्या फिलहार्मोनीत हंगामात दुपारच्या मोफत मैफली होतात. लंडनला कधी उन्हाळ्यात गेलास तर प्रॉम्स नावाच्या संगीत महोत्सवात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वादकांसमोर उभं राहून ऐकता येतं, ही पद्धत १८९५ पासूनची आहे. एक मात्र सांभाळ. व्हिएन्नाच्या रस्त्यावर मोझार्टसारखा पांढरा टोप घालून तिकिटं विकणारे भेटतील. त्या मैफली पर्यटकांसाठीच्या असतात, लोकप्रिय तुकड्यांच्या. तिकीट सभागृहाच्या खिडकीवर किंवा त्यांच्याच संकेतस्थळावर काढ.

आता तयारी. दहा रचना वरवर ऐकण्यापेक्षा एकच रचना घे आणि निघेपर्यंत रोज ऐक. माझं मत द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या नवव्या सिम्फनीला. ती ‘न्यू वर्ल्ड’ नावाने ओळखतात, १८९३ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्यांदा वाजली. साधारण चाळीस मिनिटांची आहे. दुसऱ्या भागात इंग्लिश हॉर्न नावाच्या वाद्यावर एक संथ, दीर्घ धून येते. ती ऐकताना तुला कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही. ट्यूबा हे पितळी, खर्जातलं वाद्य वाजवणाऱ्याला अख्ख्या सिम्फनीत त्या संथ भागातले मोजके स्वर आहेत, बाकी वेळ तो मांडीवर वाद्य घेऊन शांत बसतो. झांज तर चौथ्या भागात एकदाच वाजते, तीही जोरात नाही. तो वादक केव्हा उठतो, झांजा कशा उचलतो, वाजवून झाल्यावर छातीशी कशा धरतो, ते बघ. एका आघातासाठी एवढा वेळ सावध बसलेल्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. प्रागच्या रुडॉल्फिनम या इमारतीत चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची पहिली मैफल १८९६ मध्ये स्वतः द्वोर्झाकने चालवली होती आणि तिथलं मोठं सभागृह आज त्याच्याच नावाचं आहे. तिथे त्याचं काहीही वाजत असलं तरी सोडू नकोस.

ऐकताना एक अडचण येईल. आपला कान एका धुनेमागे जायला शिकलेला आहे, राग उलगडतो तसे आपणही त्याच्याबरोबर सरकतो. तिथे एकाच वेळी चार-पाच गोष्टी चाललेल्या असतात. तेव्हा थोडा वेळ वरची धून सोडून दे आणि खालचे चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) धर, मग फक्त बासरी धर. दोन-तीनदा असं केलंस की सगळं एकत्र ऐकू यायला लागतं. ‘आपल्याला यातलं काय कळणार’ हे मनात आणूच नकोस. ज्याने रात्र-रात्र बसून ख्याल ऐकला आहे, त्याला लांबलचक संगीत ऐकायचा धीर आधीच आहे, आणि तिथे त्याचीच गरज असते.

रीतभात थोडक्यात. वेळेआधी पोच, दारं बंद झाली की मध्यंतरापर्यंत बाहेर थांबायला लावू शकतात. कोट आणि पाठीवरची पिशवी खाली जमा कर. सुरुवातीला ओबो या सनईसारख्या वाद्याचा वादक एक स्वर देतो आणि सगळे त्याला वाद्यं लावून घेतात, तेवढं चुकवू नकोस. दाद मात्र आवरावी लागेल. जागेवर ‘वाह’ नाही, भागांच्या मध्ये टाळी नाही. चायकोव्हस्की या रशियन संगीतकाराच्या सहाव्या सिम्फनीचा तिसरा भाग इतक्या जल्लोषात संपतो की नवखे लोक हमखास टाळ्या देतात, आणि खरा शेवटचा, अतिशय दुःखी भाग अजून यायचा असतो. कंडक्टरने हात पूर्ण खाली सोडून मागे वळेपर्यंत थांब. त्यानंतर हात दुखेपर्यंत वाजव.

जायच्या आधी जमलं तर मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची एखादी मैफल ऐक. २००६ पासून चालू असलेला आपल्या देशातला ऑर्केस्ट्रा आहे आणि कोल्हापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठता येते. तारखा जुळल्या तर मीही येतो.

चारही शहरांतल्या तुझ्या तारखांचे कार्यक्रम बघून मला रविवारपर्यंत कळव. कुठे काय वाजणार आहे ते कळलं की आधी काय ऐकायचं ते लिहून पाठवतो.

तुझा,
काका