पित्ताशय काढलं, तेलही सोडलं. मग वजन का वाढलं?

प्रश्न : वय ४६. आठ महिन्यांपूर्वी खड्यांमुळे दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. तेव्हापासून तेल-तूप जवळजवळ बंद, तरी वजन ६६ वरून ७१ किलो झालं. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. पित्ताशय नसल्याने चरबी न पचता अंगावर साठते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. न पचलेली चरबी शौचावाटे बाहेर जाते, अंगावर चढत नाही. पित्त यकृत तयार करतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर. पित्ताशय ते घट्ट करून ३० ते ५० मिली साठवायचं आणि जेवणाच्या वेळी सोडायचं. आता ते सतत थोडंथोडं आतड्यात उतरतं.

ऑपरेशनआधी दुखण्याच्या धास्तीने माणूस अर्धपोटी जेवतो. दुखणं थांबलं की भूक परतते, आणि 'बिनतेलाचं' म्हणून मऊ भात, टोस्ट, मारी बिस्किटं पोटात जातात. जादा पिष्ट आणि साखरेची चरबी यकृतच बनवतं. शिवाय खडे, वाढती साखर आणि फॅटी लिव्हर यांचं मूळ बरंचसं एकच : पोटाचा घेर आणि इन्सुलिनला नीट दाद न देणारं शरीर. ते मूळ ऑपरेशनने जात नाही. हे डिस्चार्जच्या वेळीच सांगायला हवं. सांगतात फक्त 'तेलकट टाळा'.

तेल-तूप मिळून दिवसाला तीन-चार चहाचे चमचे घ्या, पण एकाच जेवणात नको. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, भात एकच वाटी, बिस्किटं बंद. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. वाढलेले पाच किलो उतरले तरी यकृतातली चरबी घटते. मात्र आठवड्याला अर्धा किलो पुरे. दीड किलोहून वेगाने वजन उतरवलं तर नवे खडे होऊ शकतात, आणि पित्त आतड्यात नेणारी पित्तनलिका अजून जागेवर आहे. तीन महिन्यांनी एचबीए१सी पुन्हा करा.

प्रश्न : ऑपरेशननंतर नाश्ता झाला की लगेच पातळ शौचाला जावं लागतं. उपाय?

उत्तर : जादा पित्तक्षार मोठ्या आतड्यात पोचले की तिथे पाणी सुटतं. तळलेलं आणि कॉफी काही दिवस थांबवा, एक चमचा इसबगोल पाण्यातून घ्या. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना पित्तक्षार धरून ठेवणाऱ्या कोलेस्टिरामिन या औषधाबद्दल विचारा. ते इतर औषधंही धरून ठेवतं, म्हणून थायरॉइडची गोळी आणि त्यात किमान चार तासांचं अंतर हवं. डोळे पिवळे, लघवी गडद किंवा थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा. नलिकेत खडा अडकलेला असू शकतो.