'उत्थान' हा शब्द आधी खोड

प्रश्न: मावशी, मी सुरगाणा तालुक्यातली, उंबरठाणकडच्या एका पाड्यावरची. जातीने कोकणा. नाशिकला एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) केलं आणि नंतर पाच वर्षं एका संस्थेत वनहक्क दाव्यांचं काम केलं. लग्न झाल्यावर कॅनडात, ओंटारिओतल्या किचनरला आले. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे, पीआर (कायम राहायची परवानगी) मिळालंय. इथल्या विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठात एमएसडब्ल्यूला इंडिजिनस समाजकार्याची वेगळी शाखा आहे, तिथे अर्ज करायचाय. अर्जाच्या रकान्यात 'तुम्ही इंडिजिनस (मूळनिवासी) आहात का' असं विचारलं तर मी 'हो' म्हणायचं ना? आमच्या गावात ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिवसाची मिरवणूक निघते. दुसरं, मी चौथीपासून आश्रमशाळेत होते. तिथे आमची बोली तोंडातून निघाली की छडी बसायची. इथल्या लोकांचंही हेच झालं, असं निबंधात लिहू का? सुरुवात अशी केलीय: 'आदिवासी समाजाच्या उत्थानासाठी मी पाच वर्षे तळागाळात कार्य केले.' ठीक आहे का?
– सुरगाण्याची लेक, किचनर

उत्तर: बाई गं, मी नाशिकची, गंगापूर रोडला वाढलेली. सुरगाणा तालुक्यातून आयुष्यात दोनदा गेले, दोन्ही वेळा सापुताऱ्याला जाताना, आणि दोन्ही वेळा बोरगावला चहापुरती उतरले. तेव्हा तुझ्या गावाबद्दल मी तुला काही शिकवणार नाही. ओंटारिओत बावीस वर्षं बालसंरक्षणाच्या नोकरीत काढली, त्यात जे कळलं तेवढंच सांगते.

रकान्याचं आधी उरकते. 'नाही' लिही. इथे इंडिजिनस म्हणजे फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी. १९८२ च्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमात हेच तीन समाज आहेत (फर्स्ट नेशन्ससाठी तिथे अजून 'इंडियन' हाच जुना शब्द आहे), आणि तो रकाना त्यांच्यासाठी आहे. तू आदिवासी नाहीस असं त्यातून ठरत नाही. गंमत म्हणजे १३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांत आदिवासींच्या हक्कांच्या जाहीरनाम्यावर मतदान झालं, तेव्हा विरोधात चारच देश होते आणि त्यातला एक कॅनडा. भारताने बाजूने मत दिलं, पण आमच्याकडे सगळेच मूळनिवासी, अशी भूमिकाही घेतली. म्हणजे एकाने नाही म्हणून टाळलं, दुसऱ्याने हो म्हणून. (कॅनडाने पुढे भूमिका बदलली, २०२१ मध्ये त्यावर कायदाही केला.)

इथे अलीकडे खोटी ओळख सांगून नोकऱ्या आणि जागा मिळवलेल्यांची बरीच प्रकरणं बाहेर आली. त्यामुळे अनेक विद्यापीठं आता नुसत्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, कागद मागतात. हे तुला समजावून सांगायची गरजच नाही. जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळेचा दाखला शोधत हिंडणं काय असतं आणि 'बोगस आदिवासी' म्हटलं की तुमच्याकडे लोक का पेटतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. इथे तू चुकीच्या रकान्यात खूण केलीस तर त्याच रांगेत जाऊन बसशील. ती शाखा इतरांनाही घेते, 'नाही' लिहिल्याने दार बंद होत नाही.

आता निबंध. तुझं ते पहिलं वाक्य मी तीनदा वाचलं. उत्थान? कोण कुणाला उचलतंय? 'तळागाळ' म्हणजे तुझं अंगण ना गं? ही तुझी भाषा नाही, ही संस्थेच्या वार्षिक अहवालाची भाषा आहे. देणगीदाराला पाठवायच्या कागदात ती खपते. इथे वाचणारे लोक असे आहेत की ज्यांच्या आजी-आजोबांचंही सरकारने असंच उत्थान केलं होतं. तो शब्द दिसला की पुढचं ते कुठल्या नजरेने वाचतील, विचार कर.

त्याऐवजी कोणाची कोण, कुठली, ते लिही. इथले लोक बोलायला उभे राहिले की आधी आपलं कूळ, आपलं गाव, आपली नदी सांगतात, मग मुद्द्यावर येतात. तुमच्याकडे वेगळं काय असतं? पाड्याचं नाव लिही. घरी नागली होते की वरई, ते लिही. डोंगऱ्या देवाच्या दिवसांत घरचं कोण व्रताला बसायचं ते लिही. मार्च २०१८ मध्ये शेतकऱ्यांच्या मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत सुरगाण्याची माणसं चालत गेली. तू त्यात होतीस की घरी राहून गुरं सांभाळलीस, दोन्ही लिहिण्यासारखं आहे.

आणि वनहक्काचं काम एका ओळीत उरकू नकोस, तुझा खरा ऐवज तिथे आहे. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसतोय हे दाखवायचं, पण हातात कागद नाही, अशा माणसाचा दावा तू कसा उभा केलास? त्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. तू असे जबाब घेतले असशील. म्हातारा काय सांगायचा? कुठल्या आंब्याची, कुठल्या ओहोळाची खूण द्यायचा? ते ऐकून तू कागदावर काय उतरवायचीस, आणि काय उतरवताच यायचं नाही? इथे १९९७ मध्ये डेल्गामूक्व खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आदिवासींचा मौखिक इतिहासही पुरावा म्हणून धरला पाहिजे. इकडच्या लोकांना ते पटवायला वरच्या कोर्टापर्यंत जावं लागलं आणि तू उंबरठाणच्या ओट्यावर बसून तेच लिहून घेत होतीस! हे न लिहिता तू उत्थान लिहितेस, म्हणून मला राग आला.

जमिनीचाच विषय निघालाय म्हणून सांगते. तू राहतेस ते किचनरही कुणाच्या तरी दाव्यातलं आहे. १७८४ च्या हाल्डिमंड सनदेने ब्रिटिशांनी इथल्या ग्रँड नदीच्या दोन्ही काठांना सहा-सहा मैल जमीन सिक्स नेशन्सच्या (सहा आदिवासी राष्ट्रांच्या संघाच्या) लोकांना दिली होती. त्यातली फारच थोडी आज त्यांच्याकडे उरलीय. किचनर त्याच पट्ट्यात वसलंय. अर्जात नदीचं नाव घेशील तर हे माहीत असून घे. सभेच्या सुरुवातीला 'ही जमीन अमक्यांची' असं लोक घाईघाईने म्हणून टाकतात तसं नको.

छडीबद्दल जरा सावकाश बोलते. तुला लागली ती लागली, ते लिहायचा हक्क तुझा आहे, लिही. पण 'हेच झालं' म्हणू नकोस. इथे दीड लाखांहून जास्त आदिवासी मुलं घरापासून तोडून सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांत घातली गेली. १९२० मध्ये कायदा कडक करून सक्ती केली, आई-बापांनी मुलं पाठवली नाहीत तर शिक्षा होती. तुमच्याकडे आई-बाप आश्रमशाळेत नंबर लागावा म्हणून खेटे घालतात, निदान दोन वेळचं जेवण आणि पुस्तकं मिळतील म्हणून. छडी सारखी दिसते, तिच्यामागचं घर वेगळं आहे. तुझ्यापासून पाऊण तासावर ब्रँटफर्डमध्ये मोहॉक इन्स्टिट्यूटची इमारत आहे. १८३१ पासून तिथे मुलं ठेवली, १९७० ला ती बंद झाली. रोज तीच लापशी मिळायची म्हणून मुलं तिला 'मश होल' म्हणायची. आता ती वूडलंड कल्चरल सेंटरकडे आहे. निबंध पुरा करायच्या आधी तिथे एकदा जाऊन ये. आश्रमशाळेबद्दलचा परिच्छेद त्यानंतर लिही, आणि दोन्ही एका वाक्यात कोंबू नकोस.

'सोशल वर्कर' या शब्दाचा इथे काय वास येतो, तेही ऐकून ठेव. माझ्या पहिल्या वर्षांतली गोष्ट. हिवाळ्यात एका घरी गेले. आजीने दार उघडलं. दारातल्या पायपुसण्यावर चार जोड बुटांचे ओले ठसे होते आणि बूट एकच, आजीचे. माझी गाडी दिसल्याबरोबर तिने मुलांचे बूट आत लपवले होते. घरात मुलंच नाहीत असं दाखवायला. मी काही ओरडले नाही, धमकावलं नाही. माझ्या आधी जे येऊन गेले त्यांनी तिला बूट उचलायला शिकवलं होतं. त्या वेळी मी फाइलमध्ये लिहिलं, 'आजी सहकार्य करत नाही.' ते वाक्य माझ्या हातचं आहे, आणि कितीही वर्षं झाली तरी माझंच राहील.

१९६० च्या दशकापासून इथे हजारो मुलं घरांतून उचलून गोऱ्या कुटुंबांत दिली गेली. त्याला 'सिक्स्टीज स्कूप' म्हणतात, आणि हे करणारे सोशल वर्करच होते. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत आदिवासी मुलं ७.७ टक्के, आणि दुसऱ्यांच्या घरी पालकत्वात ठेवलेल्या मुलांत ५३.८ टक्के. निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि समेट आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या, त्यातली पहिलीच बालकल्याणाची आहे. चौकशीला जाणाऱ्यांना निवासी शाळांचा इतिहास नीट शिकवा, असं तिच्यात लिहिलंय. मला तो कुणी शिकवला नव्हता. तू अर्ज करतेस ती शाखा हे सगळं पाठीशी घेऊन उभी आहे. तिथे वर्ग गोलात बसतो, ज्येष्ठ माणसं शिकवतात. ज्येष्ठांकडे काही मागायचं तर आधी चिमूटभर तंबाखू द्यायची असते. भगताकडे मूठभर दाणे घेऊन गेलेल्या घरातली तू, तुला हे विचित्र वाटणार नाही. पण 'आमच्याकडेही अस्संच असतं' हे पहिल्याच दिवशी सांगायचा मोह होईल, तो आवर. महिनाभर नुसतं ऐक.

आता एक व्यवहाराची गोष्ट. नुसती नोकरी हवी असेल तर दुसरं एमएसडब्ल्यू लागेलच असं नाही. ओंटारिओत 'सोशल वर्कर' हे पदनाम कायद्याने राखलेलं आहे, कॉलेजकडे नोंदणी असल्याशिवाय ते लावता येत नाही. कॉलेज म्हणजे इथे शिकायचं ठिकाण नव्हे, नोंदणी करणारी संस्था. परदेशी पदवी कॅनेडियन असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्सकडून तपासून घेता येते. ती रास्त ठरली तर तुझ्या नाशिकच्या एमएसडब्ल्यूवर नोंदणीची वाट आहे, आणि फीचे पैसे वाचतील. नवऱ्याबरोबर बसून हा हिशोब कर. त्यानंतरही त्या गोलात बसावंसं वाटलं तर जा. माझ्या मते तू जावंस, पण माझं मत फुकट आहे आणि फी तुला भरायचीय.

शेवटी कागद, कारण आपल्या बायकांचं घोडं तिथेच अडतं. तुझ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव असणार, पासपोर्टवर सासरचं. इथल्या संगणकाला त्या दोन वेगळ्या बायका वाटतात. विवाह नोंदणीचा इंग्रजी दाखला लागेल. पुणे विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा) मागवायची ती थेट त्यांनी इकडे पाठवायची असते, त्याला वेळ लागतो, आणि सप्टेंबरच्या वर्गासाठीचे अर्ज आदल्या हिवाळ्यातच बंद होतात. शिफारसपत्र संस्थेच्या साहेबाकडून घेणार असशील तर त्यांना आधीच सांग की त्यातही 'उत्थान' नको. तिकडचे कागद काढायला भावाला आजच फोन कर, तिकडे आत्ता रात्र असली तरी चालेल.