एम.एस्सी. कृषीला मृदाशास्त्र घ्यावं का? पुढे त्यात काही आहे का?

घ्या. पण आलेला मातीचा नमुना यंत्रात घालून मृदा आरोग्य पत्रिका छापणं यालाच तुम्ही मृदाशास्त्र समजत असाल, तर दुसरा विषय बघा.

मी या कामात ३१ वर्षं काढली. गाव दर्यापूरकडचं, पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे जिथली जमीन आणि पाणी दोन्ही खारं, त्या भागातलं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी शेजारच्या तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा नमुना आला. नेहमीप्रमाणे वरच्या २० सेंमीचा. सामू (पीएच) ८.२, क्षारता कमी, पालाश (पोटॅश) भरपूर. कागदावर जमीन झकास, आणि त्या बुवाच्या वावरात पाऊस झाला की आठ-आठ दिवस पाणी हटत नव्हतं, कपाशी पिवळी पडून बसत होती. मी खताच्या मात्रा सांगायला लागलो, तर ते म्हणाले, "सायेब, वरचं पाहून काय होते? खाली खंदून पाहा ना."

दुसऱ्या दिवशी टिकास-फावडं घेऊन गेलो. दोघांनी मिळून तीन फूट खोदलं. खालची माती ओली असून गोट्यासारखी घट्ट. प्रयोगशाळेत तपासली तेव्हा सामू ८.९ आणि विनिमयक्षम सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटून बसलेला सोडियम, ११ टक्के निघाला. सोडियम वाढला की चिकणमातीचे कण सुटे होऊन फुगतात, छिद्रं बुजतात, पाणी खाली जायची वाटच बंद होते. पीक उपाशी नव्हतं, त्याची मुळं गुदमरत होती. तिथे युरियाचं आणखी एक पोतं टाकून काय होणार होतं?

माझ्या वरिष्ठांनी अहवाल परत केला. म्हणे सोडियमची मर्यादा १५ टक्क्यांची आहे, ११ म्हणजे जमीन चांगली, आणि नमुना २० सेंमीचाच घ्यायचा असतो, रसायनं वाया घालवू नका. ती १५ ची रेघ अमेरिकेच्या क्षारता प्रयोगशाळेने १९५४ च्या पुस्तिकेत ओढली. आपल्या फुगणाऱ्या काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा त्याच्या कितीतरी आधी बिघडतो. हे त्यांना मी तेव्हाही सांगितलं, आजही सांगेन.

त्या बुवाच्या अर्ध्या एकरात आम्ही हेक्टरी २.५ टन या हिशेबाने जिप्सम टाकलं आणि उताराच्या बाजूने चर काढला. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं आणि सुटलेला सोडियम पाण्यासोबत निघून जातो. तिसऱ्या पावसाळ्यात तिथलं पाणी दोन दिवसांत जिरलं. बुवांनी मला हात धरून धुऱ्यावर नेलं आणि बोटाने दाखवलं. मला मिळालेल्या कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा ते बोट मोठं आहे.

नोकरीचं विचारलंत, तर विद्यापीठातल्या जागा निघायला वर्षं लागतात, नेट या पात्रता परीक्षेची तयारी आतापासून करा. खत कंपन्या घेतात, पण बहुतेक विक्रीसाठी. आणि हे वाचून कुणी सरसकट जिप्सम टाकू नका. चर नसेल तर सोडियम जाणार कुठे? शिवाय पाणी साचलं म्हणजे सोडियमच, असंही नाही.

प्रबंधाला खारपाणपट्टा घेतलात तर चार थरांचे नमुने घ्या, आणि प्रत्येक थरातून पाणी किती वेगाने झिरपतं ते मोजा. मार्गदर्शकांनी १५ चा आकडा पुढे केला, तर तो झिरपण्याचा तक्ता त्यांच्यापुढे ठेवा. माझ्या वरिष्ठांपुढे मी तो दोनदा ठेवला होता. त्यांनी पान उलटून पाहिलं नाही.