आधी कान तयार कर, मग सेटिंग

अरे, मेटल डिटेक्टर हातात घेतल्याच्या पहिल्याच दिवशी ५० टोन (धातूगणिक वेगळे आवाज) कशाला? तीन पुरेत: लोखंडाला घोगरा, चंदेरी कागदाला मधला, तांब्या-चांदीला बारीक. आपली सोलापूरची काळी माती बसाल्टची, लोह भरपूर; सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनची संवेदनशीलता, फुल्ल केलीस की मशीन नुसतं किरकिरतं. ग्राउंड बॅलन्स कर, म्हणजे मशीनला मातीतल्या लोहाकडे दुर्लक्ष करायला लाव, मग किरकिर थांबेपर्यंत सेन्सिटिव्हिटी उतरव. डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळणारी सेटिंग, मात्र चढवू नकोस, नाजूक अंगठी चॉकलेटच्या कागदासारखीच वाजते. गंजका खिळाही कधी चांगल्या धातूसारखा गोड बोलतो! काटकोनात वळून त्याच जागेवर मशीन परत फिरव. आवाज तुटला तर बहुतेक खिळाच. मामाच्या शेतात असे डबाभर उकरलेत मी. भुईकोट किल्ल्याकडे मशीन नेऊच नकोस, तो संरक्षित आहे. आणि पुरलेलं १० रुपयांवरचं काही निघालं तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं.