जुन्या डिश केबलचे एफ कनेक्टर (केबलच्या टोकाला बसवलेले धातूचे जोड) नव्या केबलला लावले तर चालतात का, आणि त्यामुळे चित्र तुटते का?

कनेक्टर कोणत्या जातीचा आहे, यावर ते अवलंबून आहे. क्रिम्प किंवा कॉम्प्रेशन पद्धतीचा, म्हणजे अवजाराने दाबून बसवायचा कनेक्टर एकदा दाबला की त्याचे धातूचे किंवा प्लास्टिकचे कडे कायमचे आकसते. तो कापून काढून पुन्हा बसवला तर केबलच्या जाळीवर (मधल्या तारेभोवतीच्या बारीक धातूच्या तंतूंच्या वेष्टनावर) त्याची पकड सर्व बाजूंनी सारखी राहत नाही, म्हणून तो टाकूनच द्यावा. फिरवून बसवायचा कनेक्टर पुन्हा वापरता येतो, मात्र आतले आटे झिजलेले नसावेत आणि केबल त्याच जाडीची असावी. आरजी-५९ या बारीक केबलसाठीचा कनेक्टर आरजी-६ या जाड केबलवर जबरदस्तीने चढवू नये.

व्यत्ययाचे मूळ बहुधा या जाळीच्या जोडातच असते. डिशकडून सेट-टॉप बॉक्सकडे येणारा सिग्नल साधारण ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात असतो आणि मोबाइलचा १८०० मेगाहर्ट्झचा पट्टा त्याच्या आतच येतो, त्यामुळे जोड सैल असेल तर जवळच्या फोनच्या किंवा टॉवरच्या लहरी आत शिरून काही ठरावीक वाहिन्यांचेच चित्र तुटू शकते.

जोडणीपूर्वी बॉक्सचा प्लग काढावा, कारण याच केबलमधून एलएनबीला (डिशसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि जाळीचा एक केसासारखा तंतू मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतो. जाळी मागे दुमडून, मधली तार कनेक्टरच्या कडेबाहेर सुमारे ३ मिलिमीटर ठेवावी. गच्चीवरच्या जोडाला रबरी बूट (टोपण) हवाच. पावसाचे पाणी जाळीत उतरले की तो तुकडा कापावाच लागतो.